दाजींच्या पिकपचं अर्थिंग

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी दाजींची नवी पिकप दुकानात लागली ती दुपारपर्यंत. बाकीची कामं तशीच राहिली. गाण्यांसाठी अँप्लिफायर, एक लहान वूफर, दारात दोन स्पीकर. पिकपमध्ये अँपला जागा कुठली, सीटच्या मागं पत्र्याला लागून बसवला. बॅटरीपासून जाड वायर ओढली, फ्यूज बॅटरीजवळच दिला. अर्थिंग मात्र सीटच्या बोल्टला. म्हटलं, थांबा जरा, रंग घासून नीट जागा करतो. दाजी म्हणाले तेरखेड्याला माल भरायला माणसं खोळंबलीत. सुरेखाताईचा नवरा. किती अडवायचं. जाऊ दिलं.

इंजिन बंद असताना आवाज एकदम स्वच्छ. गाडी चालू केली की बारीक कुईं. रेस दिली की चढते, सोडली की उतरते. अल्टरनेटरची कुईं अर्थिंग खराब असलं की हमखास आत शिरते. पुन्हा आणा म्हणून बजावलंय.

दु. नंतर भुरभुर.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. ताई-दाजी दोघं आले, त्याच पिकपमधून. दाजी आल्या आल्या म्हणाले, "गाणं बंद केलं तरी तुझी पिपाणी वाजतीय." सगळे हसले.

जेवणं झाल्यावर ताई मला मागच्या दारी घेऊन गेली. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माल घेऊन बीडकडं जाताना मांजरसुंब्याच्या घाटात दाजींचा डोळा लागला. भर दुपारी. जुनी गाडी कठड्याला घासत जाऊन थांबली. मागं फटाक्यांच्या पेट्या. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. दिवाळीच्या दिवसांत खेपा इतक्या की झोप गाडीतच, तीही माल उतरेपर्यंत.

"गाणं मोठ्यानं लागलं की जागं राहत्यात," म्हणाली. "मीच मागं लागले त्यांच्या, संजा, तुझ्याकडं जा म्हणून. तेवढी कुईं काढ. ती असली की ते बंदच करून टाकत्यात."

म्हणजे हौस नव्हे. मला वाटलं होतं नव्या गाडीची हौस.

मंगळवारी बोलावलंय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आजचं सगळं लिहून काढतो.

दाजी दहाला आले. आधी स्टिरिओकडून येणाऱ्या आवाजाच्या तारा अँपमधून काढून बघितल्या. कुईं तशीच. म्हणजे स्टिरिओचा दोष नाही, अर्थिंगचाच. सीट काढली. बोल्टच्या खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा. रंगावर अर्थिंग म्हणजे नावालाच. मागच्या पत्र्यावर जागा बघितली, खूण केली, ड्रिलला तारेचा ब्रश लावला. घासायच्या आधी धूळ पुसावी म्हणून बोट फिरवलं.

बोटाला चांदीसारखं लागलं. राखाडी, मऊ. पावडरसारखं.

आधी वाटलं पत्र्याचा कीस. पण इथं कुणी घासलंच नव्हतं. मॅट उचलली तर शिवणीत सगळीकडं तेच. दाजींना विचारलं. ते दारात उभं राहून चहा पीत होते. म्हणाले, येताना फटाक्यांच्या कारखान्यासाठी पावडरीची पोती आणतो, मागच्या आठवड्यात पाऊस होता, एक पोतं फाटलेलं, म्हणून केबिनमध्ये ठेवलं. झटकून काढली होती म्हणे.

तेरखेड्याजवळ आयुष्य गेलं. ती पावडर फटाक्यांच्या दारूत घालतात हे मला माहीत आहे. ब्रश फिरवला असता तर ठिणग्या त्याच पावडरीत पडल्या असत्या. ड्रिल खाली ठेवलं. आधी पुढं जाऊन बॅटरीची वायर सोडवली, मग मॅटा हळूच बाहेर काढल्या.

म्हटलं, दाजी, ह्या गाडीत अँप नको.

ते चिडले नाहीत आधी. समजावून सांगायला लागले. पेट्या सीलबंद असतात, मागं असतात, मधी पत्रा. पावडर एकदाच आली, पुन्हा येणार नाही. मग म्हणाले, "गाडीत बॅटरी हाय, दिवे हायत, स्टार्टर हाय. एवढी कंपनीची वायरिंग चालतीय आन तुझी एक वायर चालत न्हाय?"

एवढंच म्हणालो की ती कंपनीनं मोजून टाकलेली आहे, ही मी हातानं ओढलेली. भोकातून जाताना कुठं घासली, अर्थिंग कुठं ढिलं झालं, तर तिथंच तापणार. आणि तिथं ही पावडर.

"तर मग नीट ओढ की. तुझा धंदाच हाय त्यो."

मी अँपची जाड वायर बॅटरीपासून वेगळी केली आणि गुंडाळी करून अँपवर ठेवली. सीट बसवून, गाडीची बॅटरी पुन्हा जोडून दिली. दाजी गाडी घेऊन गेले.

१३ ऑगस्ट, बुधवार

ताईचा फोन. आवाज चढवला नाही तिनं, तेच जास्त लागलं. म्हणाली तुला आजपर्यंत एकच काम सांगितलं होतं.

बायकोला, वर्षाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही बरोबर केलं. पण घाटाचं काय?"

घाटाचं काय. हेच दिवसभर.

१८ ऑगस्ट, सोमवार

घरी चार्ज करून नेता येईल असा एक स्पीकर बार्शीहून मागवला, ताईकडं पाठवला. गाडीला वायर नाही, काही नाही. दाजींचा निरोप आला: डिझेल इंजिनात त्याचा आवाज कानापर्यंत पोचत नाही. तो आता ताईच्या स्वयंपाकघरात वाजतो म्हणे.

दुसरा मार्गही सांगितला. अँप काढा, नुसते दारातले स्पीकर स्टिरिओवर, कंपनीच्या वायरिंगवर चालू देत. कुईं पण राहणार नाही. उत्तर नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दाजी आले. गौरीचं सामान घ्यायला इथं वाशीच्या बाजारात आलो होतो म्हणाले, पण आले ते ऐकवायलाच. इंजिन चालू, रेस वर-खाली, गाणं बंद. काहीच नाही. बारीकसुद्धा नाही.

"कळंबच्या फिटरनं वायर पुन्हा जोडली, तुझी कुईंबी काढली."

मी म्हटलं छान. मग पाणी बघतो म्हणून बॉनेट उघडलं. फ्यूजची डबी जागेवर, पण आत फ्यूज नाही. त्या जागी तांब्याच्या तारेचा पीळ. सीटच्या कडेला हात घालून बघितलं तर कुईं मारणारी फिल्टरची डबी बसवलेली, आणि अर्थिंग त्याच बोल्टवर. माझ्याच बोल्टवर.

कुईं निघाली, दोष तिथंच. कुईं होती तोवर दोष आहे हे निदान ऐकू तरी येत होतं. आता कोण ऐकणार.

दाजींना फ्यूजचं विचारलं. म्हणाले तो सारखा उडत होता, वाटेत त्यांनीच तार टाकली. फ्यूज उडतो म्हणजे वायर कुठंतरी पत्र्याला लागतीय. सांगितलं. माझ्या डब्यातला नवा फ्यूज काढला, तो बसवू देईनात. बॉनेट त्यांनीच बंद केलं.

३ सप्टेंबर, बुधवार

कळंबला कामासाठी गेलो होतो, त्या फिटरकडं मुद्दाम थांबलो. भांडायच्या तयारीनं गेलो, पण माणूस सरळ निघाला. म्हणाला फ्यूज मी टाकला होता. दोनदा उडाला म्हणून गाडी परत आली. सीट काढून वायर बघावी लागेल म्हणालो, तर त्यांना थांबायला वेळ नव्हता. गाडीत काय माल असतो हे त्याला माहीतच नव्हतं. सांगितल्यावर बसलेल्या जागेवरून उठला.

त्यानं दाजींना माझ्यासमोर फोन लावला. उचलला नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

ताईचा फोन, बऱ्याच दिवसांनी. इकडचं तिकडचं बोलली. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, गाडीत बसलं की बारीक जळका वास येतो. दाजी म्हणतात नव्या सीटचा. मी विचारलं, गाणं चालू असताना येतो का? म्हणाली, व्हय.

लगेच तेरखेड्याला गेलो. दाजी माल घेऊन संभाजीनगरला. ताईनं चहा केला. तिच्या हाताकडं बघत बसलो. ती म्हणाली तूच समजाव त्यांना, माझं ऐकत न्हाईत. दाजींना फोन लावला. म्हणाले गाडी माझी आहे, तू तुझं दुकान बघ.

येताना कारखान्यांच्या शेडसमोरून आलो. लांब लांब बांधलेल्या खोल्या, एकीला काही झालं तर दुसरीला लागू नये म्हणून. दाजी तिथं आत गाडी घेऊन जातात, माणसं पेट्या भरतात. बाया असतात भरायला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वर्षाशी बोललो. शेठला सांगायचं का. दाजी ज्यांचा माल वाहतात ते शेठ. सांगितलं तर ऐन दिवाळीच्या तोंडावर दाजींचं काम जाणार. दुसरं कुणी त्यांना उभं करणार नाही. ताई माझ्या दारात पुन्हा येणार नाही.

वर्षा भाजी निवडत होती. म्हणाली, "आणि नाही सांगितलं तर?"

१७ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं.

कारखान्याच्या फाटकावर मोबाइल, काडेपेटी सगळं काढून घेतात. शेठ म्हातारे, कडक, पांढरा सदरा. बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी पिकपचा नंबर सांगितला, वायरीचं सांगितलं, फ्यूजच्या जागी तार, केबिनमधली पावडर. त्यांनी एकच विचारलं, "डोळ्यांनी बघितलं का तुम्ही?"

म्हटलं व्हय.

मग मी त्यांना म्हणालो की माझं नाव सांगू नका, ते माझे दाजी आहेत. हे म्हणताना लाज वाटली. त्यांनी मान हलवली. फाटकावरचा माणूस माझा मोबाइल परत देताना माझ्याकडं बघत राहिला, का मलाच तसं वाटलं.

२० सप्टेंबर, शनिवार

दाजींची गाडी फाटकावर थांबवली. वायरिंग काढून, दाखवून, मगच आत, असं शेठ म्हणाले. दाजी म्हणाले माझ्या गाडीला हात लावायचा नाही. झालं. काम बाळू म्हणून दुसऱ्या एका ड्रायव्हरला दिलं.

ताई फोनवर रडली. दाजींना वाटतं बाळूनंच चुगली केली, काम मिळावं म्हणून. चौकात त्याच्याशी हमरीतुमरी झाली, लोकांनी सोडवलं.

मी "हं, हं" करत राहिलो. बाळूला मी ओळखतसुद्धा नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस थांबायचं नाव नाही. सगळीकडं सोयाबीन पाण्यात. दुकानात येतात ते पाणी शिरलेल्या गाड्या घेऊन, गाण्यांचं नाव कुणी काढत नाही. दाजी घरीच आहेत म्हणे. खाटेवर पडून असतात. ताई म्हणाली आता झोपायला वेळच वेळ, पण झोप लागत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याला ते आले नाहीत. मीच सोनं घेऊन गेलो. दाजींनी घेतलं, पाया पडू दिलं. बसलो. बाळूचा विषय त्यांनीच काढला. त्याच्या मुलीची सोयरीक मोडीन म्हणाले. रागात बोलले असतील. पण दाजी रागात बोललेलं करतात.

ओठांवर आलं होतं. ताई पुरणाची ताटं घेऊन आली, राहिलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ऊन पडलं, वाचलेलं सोयाबीन निघालं. दाजींना लातूरच्या आडतीला माल न्यायचं काम मिळालं. दिवसाला दोन-दोन खेपा करतात. म्हणजे पुन्हा तेच. झोप नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी पिकप दुकानासमोर दोरीनं ओढत आणली, ट्रॅक्टरनं. दाजी स्टिअरिंगवर. येडशीच्या पुढं केबिनमध्ये धूर झाला. त्यांनी गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर हातानं ओढून तोडली. तळहात भाजलाय. मागं सोयाबीनची पोती होती.

फक्त सोयाबीनची.

सीट काढली. वायर जिथं पत्र्याच्या भोकातून आत येते तिथलं रबर कधीच निघून गेलेलं. वरचं प्लास्टिक कापलं गेलंय, तांबं पत्र्याला टेकलेलं, तिथून हातभर वायर जळून काळी. मॅटचा कोपरा वितळलाय. ते भोक मीच पाडलं होतं. रबरही मीच बसवलं होतं, पण दुसऱ्यानं वायर पुन्हा ओढताना ते निसटलं असणार. किंवा माझ्याकडूनच नीट बसलं नव्हतं. आता कोण सांगणार. बोल्ट उघडला, खाली कंपनीचा रंग तसाच होता.

दाजी शेजारी उभं राहून बघत होते. मी बरोबर होतो ह्याचा आनंद वाटेल असं कधी वाटलं असेल तर तो वाटला नाही. सप्टेंबरात कधी हे झालं असतं तर, हे दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी आलं असावं.

सगळं काढलं. अँप, वूफर, वायर, फिल्टरची डबी. दारातले स्पीकर स्टिरिओवर, कंपनीच्या वायरिंगवर दिले. भोक बंद केलं. बॅटरीची वायर नवी टाकली. त्यांच्या हाताला वर्षानं मलम लावलं.

निघताना गाणं लावून बघितलं. बारीक वाजतं, पण स्वच्छ. त्यांनी बंद केलं.

"आता झोप लागली तर?" म्हणाले.

भांडण म्हणून नाही विचारलं. खरंच विचारलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वर्षाला सांगून ठेवलंय, उद्या दुकान बंद. दाजींबरोबर लातूरला जातो. दाजींना विचारलं तेव्हा म्हणाले, "ये की. तुला लईच काळजी हाय तर बस शेजारी."

११ ऑक्टोबर, शनिवार

लातूरच्या आडतीत बसून लिहितोय. पिशवीत वही होती.

जेवण करून निघालो. मुरूडपर्यंत बरं होतं. मी बोलत राहिलो, दुकानाचं, पावसाचं, आईच्या गुडघ्याचं. मग विषय संपले. ऊन तापलेलं. दाजी आधी मानेवरून हात फिरवायला लागले, मग काच खाली घेतली, मग खिशातली हिरवी मिरची काढून दाताखाली धरली. मी पहिल्यांदा बघत होतो, माणूस झोपेशी कसा भांडतो ते. तोंडात मिरची असताना डोळे मिटत होते. गाडी एकदा पांढऱ्या पट्ट्यावर गेली. मी हाक मारली, सावरली. पुन्हा गेली.

त्यांना थांबा म्हणालो. थांबलो तर आडतीतला नंबर जाईल म्हणाले.

काहीतरी बोलायला पाहिजे होतं आणि दुसरं काही सुचेना. म्हणालो, "दाजी, शेठला म्या सांगितलं. बाळूनं न्हाय."

त्यानंतर त्यांची झोप उडाली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर सरळ. वेग न वाढवला न कमी केला. लातूर येईपर्यंत तसंच. मी स्टिरिओकडं हात नेला आणि परत घेतला.

आडतीत गाडी रांगेत लावली. इंजिन बंद केलं. तसेच बसून राहिले, भाजलेला हात मांडीवर उताणा ठेवून.

"सुरेखाला म्हाईत हाय?"

"न्हाय."

"मग सांगू नको."

मग म्हणाले, "बाळूला लई बोललो म्या. त्याच्या घरात जाऊन बोललो."

मी म्हटलं मी येतो तुमच्याबरोबर त्याच्याकडं. त्यांनी बूट काढले, सीटवर आडवे झाले, पाय दाराबाहेर. आमचा नंबर आला की उठव, म्हणाले. माझं नाव न घेता, माझ्याकडं न बघता. लगेच झोपले. परत जाताना मी शेजारी बसायचं की एसटीनं जायचं, ते काही बोलले नाहीत.

ताईचा फोन आला. पोचलात का. म्हटलं पोचलो. ते कुठायत. म्हटलं झोपलेत. ती म्हणाली बरं झालं. मग म्हणाली वाटेत काय बोलला का रं दोघं. म्हटलं, व्हय, बोललो.

मी पिकपच्या सावलीत रिकाम्या पोत्यावर बसलोय. आत्ताच नंबर पुकारला. हमाल गाडीचा मागचा फाळका उघडायला आलेत. मी त्यांना खुणेनं जरा थांबा म्हटलंय.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवतायत. दाजींना अजून उठवलेलं नाही.